बॉयलरचा काटा: हॅरोच्या घरातल्या दोन महिन्यांच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

मागच्या दाराशी भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या पाइपाखाली विटा ओल्या दिसल्या. पाऊस नव्हता. पाइपाचं तोंड भिंतीकडे वळवलेलं आहे, म्हणजे कढत पाणी सुटलं तर कुणाच्या अंगावर न पडता भिंतीवर पडावं. त्या जागी विटांवर बोटभर रुंदीचा पांढरा ओघळ साचला आहे. आमच्या लंडनच्या या भागात पाणी जड, किटलीतसुद्धा महिन्याभरात खरपुडी धरते. तेव्हा हा ओघळ एका दिवसाचा नाही.

आत येऊन स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. हीटिंग चालू होतं आणि बॉयलरमधल्या पाण्याचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा ३ बारला (बार हे प्रेशरचं माप) जवळजवळ टेकलेला. थंड असताना १ ते १.५ असावा आणि तापल्यावर थोडा चढावा, एवढं मला माहीत आहे. ३ बारला आतला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी त्याच तांब्याच्या पाइपातून बाहेर जातं. म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय, पण ते काम त्याला रोज करायला लागू नये. कुकरची शिट्टी वेगळी आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा. हा दुसऱ्या जातीचा.

मार्चमध्येही हेच झालं होतं. तेव्हा आलेल्या माणसानं सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, पैसे घेतले आणि वीस मिनिटांत गेला. प्रेशर तीनपर्यंत चढतंच का, हे त्यानं पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. या वेळी कारण कळेपर्यंत कुणाला बोलवायचं नाही असं ठरवलं आहे. वही केली.

घरातली व्यवस्था लिहून ठेवते, पुढे लागेल. कॉम्बी बॉयलर, अकरा वर्षांचा. गरम पाण्याची वेगळी टाकी नाही. नळ उघडला की मेनचं, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या मुख्य पाइपाचं, थंड पाणी बॉयलरमधून जाता जाता तापतं. खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर नऊ. रेडिएटरमध्ये फिरणारं पाणी वेगळं, बंद चक्रातलं, तेच ते वर्षानुवर्षं फिरतं. माझ्या अंदाजानं ते सगळं मिळून ऐंशी लिटर असेल.

१० नोव्हेंबर, रविवार

आई दिवाळीला वाईहून आली आहे, जानेवारीपर्यंत आहे. मी कपाटासमोर बसून काट्याकडे बघतेय हे पाहून तिनं विचारलं, “अगं, पाणी तापवायला त्याला प्रेशर कशाला लागतं? आपल्या बंबाला कुठं होतं?”

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर शोधताना मलाच नीट कळलं. तांब्याचा बंब वरून उघडा. पाणी तापून फुगलं तर पातळी बोटभर वर येते, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथलं चक्र चारी बाजूंनी बंद. वीस अंशांचं पाणी साठ अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं. ऐंशी लिटरला दीड टक्का म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास. पाणी दाबलं जात नाही, तेव्हा हे जास्तीचं सव्वा लिटर जायचं कुठं?

त्यासाठी बॉयलरच्या पाठीमागे एक चपटी लोखंडी टाकी असते, एक्सपान्शन टाकी. आमची ८ लिटरची. आत मधोमध रबराचा पडदा. एका बाजूला रेडिएटरचं पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो, हवा दबते, प्रेशर थोडंसंच चढतं. पाणी निवलं की पडदा परत जागेवर. हवा निघून गेली असेल तर सरकायला जागाच नाही, मग तेवढ्याच पाण्याला काटा थेट तीनवर जातो.

आईला टाकीचं चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे बंबाची वरची मोकळी जागा यांनी डब्यात बंद केली.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

संशय अर्थात या टाकीवरच आहे. पण आजपासून रोज दोन आकडे लिहायचे. पहाटे सहाला, हीटिंग लागायच्या आधी, घर निवलेलं असताना एक. आणि संध्याकाळी दोन तास हीटिंग चालल्यावर दुसरा. मधलेअधले आकडे लिहायचे नाहीत, ते फसवतात.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सोमवार: थंड १.२, गरम ३ ला टेकलेला.
मंगळवार: थंड १.२, गरम तेवढाच.
बुधवार: थंड १.३, गरम तेवढाच.

बाहेरच्या पाइपाखाली दह्याचा रिकामा डबा ठेवला होता. सोमवारी संध्याकाळपासून मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्यात साधारण ४०० मिली पाणी जमलं. मापाच्या भांड्यानं मोजलं.

हे आकडे बसत नाहीत, आणि दोन दिवस मला ते दिसलंच नव्हतं. रोज पाव लिटरहून जास्त पाणी चक्रातून बाहेर जातंय. बंद चक्रातून पाणी गेलं की निवल्यावर काटा खाली यायला हवा. पहिल्या दिवशी एक, मग अर्धा, मग शून्य. मग बॉयलर बंद पडतो, लोक खालचा कॉक उघडून पाणी भरतात आणि चार दिवसांनी परत तेच. फक्त एक्सपान्शन टाकी गेली असेल तर हीच कहाणी असते. पण आमचा काटा रोज पहाटे त्याच जागी. मार्चपासून मी एकदाही पाणी भरलेलं नाही.

जेवढं बाहेर जातंय तेवढंच कुठून तरी आत येतंय. म्हणजे बिघाड एक नाही, दोन असावेत, आणि दोघांनी एकमेकांना झाकून ठेवलं आहे. टाकी पाणी बाहेर घालवते, दुसरं काहीतरी ते भरून काढतं, आणि पहाटेचा काटा निर्दोष दिसतो.

काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. चक्रातलं जुनं पाणी मेलेलं असतं, त्यातला ऑक्सिजन कधीच संपलेला असतो, म्हणून रेडिएटर आतून गंजत नाहीत. शिवाय त्यात गंजरोधक औषध घातलेलं असतं. रोज ताजं पाणी आत म्हणजे रोज ताजा ऑक्सिजन आत, आणि औषध रोज पातळ. नऊ रेडिएटर त्याची किंमत मोजतायत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मेनचं पाणी चक्रात शिरायचा अधिकृत रस्ता एकच, फिलिंग लूप. बॉयलरखाली जाळीदार स्टीलची हातभर नळी, दोन्ही टोकांना काळ्या मुठीचे कॉक. पाणी भरून झाल्यावर ही नळी काढून ठेवायची असते. इथल्या १९९९ च्या पाणीजोडणी नियमांप्रमाणे घरातल्या हीटिंगचं पाणी तिसऱ्या वर्गाचं धरतात, म्हणजे तब्येतीला थोडा का होईना धोका असलेलं, आणि ते पिण्याच्या पाण्याला कायमचं जोडलेलं चालत नाही. प्रत्यक्षात मात्र मी पाहिलेल्या बहुतेक घरांत नळी तशीच लटकत असते. आमच्याकडेही अकरा वर्षं लटकतेय.

दोन्ही कॉक आडवे, म्हणजे बंद. तरी पान्यानं नळी सोडवली, खाली पातेलं धरलं. नळीतलं घोटभर पाणी पडलं, आणि मग मेनच्या बाजूचा कॉक ठिबकू लागला. घड्याळ लावलं. चाळीस सेकंदांना एक थेंब.

सापडलं, असं वाटून खूप बरं वाटलं. पण वहीत हिशेब मांडल्यावर तो आनंद टिकला नाही. चाळीस सेकंदांना एक म्हणजे तासाला नव्वद थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर तासाला साडेचार, दिवसाला जेमतेम ११० मिली. डब्यात जमतं ४००. आणि पलीकडे प्रेशर असताना तर हा कॉक याहूनही कमी गळत असणार.

तरीही दोन्ही तोंडांवर वायसर घालून पितळी टोपणं घट्ट बसवली. नळी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली. हा रस्ता आता नक्की बंद.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री दहापासून आज संध्याकाळी सहापर्यंत हीटिंग बंद ठेवलं. आईला दुलई आणि स्वेटर, तिची तक्रार नाही. काल रात्री उशिरा, सगळं निवल्यावर काटा १.२ होता. आज सहाला १.६.

वीस तासांत ०.४ चढला, तेही हीटिंग न लागता आणि फिलिंग लूप काढून टाकलेला असताना. पाणी तापल्यामुळे नाही, फुगल्यामुळे नाही, पाणी आत आल्यामुळेच.

दुसरा रस्ता कुठला, याचा अंदाज आहे. पण आधी टाकीचं करून घ्यावं लागेल. टाकीत हवा नसताना घोटभर पाण्यानंही काटा उड्या मारतो, त्यामुळे किती पाणी आलं ते काट्यावरून मोजता येत नाही. बॉयलरचं झाकण मी उघडणार नाही. ज्या झाकणानं ज्वालेची पेटी हवाबंद होते त्याला गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. २००९ च्या एप्रिलपासून हीच नोंदणी चालते. माणूस आला की त्याचं कार्ड मागून पाठीमागची बाजू वाचायची, कुठल्या कामाची परवानगी आहे ते तिथं छापलेलं असतं. मार्चमध्ये मी तेही पाहिलं नव्हतं. गुरुवारची वेळ मिळाली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आलेला माणूस साठीच्या आसपासचा, शांत. कार्ड मी मागायच्या आधी त्यानंच पुढे केलं. मी वही दाखवली. त्यानं उभ्याउभ्याच वाचली, आणि ‘पाणी कधीच भरावं लागलं नाही’ या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही.

टाकीच्या वरच्या कडेला हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो. आपल्या जुन्या सायकलच्या ट्यूबसारखा नव्हे, मोटारीच्या टायरला असतो तसला. त्यानं टोपण काढून मधली पिन नखानं दाबली. फुस्स झालं नाही, नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज आला आणि थांबला. “पाणी आलं नाही, म्हणजे पडदा शाबूत आहे,” तो म्हणाला. पिन दाबल्यावर पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, टाकीच बदलायची. इथं फक्त हवा वर्षानुवर्षं हळूहळू गेली होती.

मग त्यानं चक्रातलं पाणी सोडून काटा शून्यावर आणला आणि पाणी सोडायचा कॉक उघडाच ठेवला. हे महत्त्वाचं. पलीकडे पाण्याचं प्रेशर असताना हवा मोजली तर पाण्याचंच प्रेशर मोजलं जातं, टाकी भरलेली वाटते. काटा खरंच शून्यावर गेला हेही मी पाहून घेतलं, म्हणजे गेजही विश्वासाचं. फुटपंपानं ०.७५ बारपर्यंत हवा भरली, टाकीच्या लेबलावर तेवढीच लिहिली होती. सेफ्टी व्हॉल्व्ह परत बदलला, कारण एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो पुन्हा पूर्ण मिटत नाही.

पाणी भरायला ड्रॉवरमधली नळी काढून दिली. भरून झाल्यावर मी ती परत काढली आणि टोपणं लावली. त्यानं मान डोलावली.

थंड १.२. दोन तास हीटिंग. गरम १.७.

वहीतला हिशेबही तेवढाच येत होता. ८ लिटर हवा ०.७५ वर भरलेली, पाणी १.२ वर आलं की दबून ६.४ लिटर होते. पाणी सव्वा लिटरनं फुगलं की ५.१, आणि मग प्रेशर १.७ च्या जवळपास. कागदावरचा आकडा आणि काच एक झाली की काय वाटतं ते लिहिता येत नाही. आईलाही बोलावून काटा दाखवला.

२४ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवार पहाट १.२. शनिवार १.३५. आज १.५ ला थोडं कमी.

बाहेरचा पाइप तीन दिवस कोरडा आहे. बाहेर पडायची वाट बंद झाली, त्यामुळे आत येणारं पाणी आता काट्यावर दिसतंय. टाकी नीट असताना १.२ वरून १.५ वर न्यायला पाऊण लिटर लागतं. दोन दिवसांत पाऊण लिटर, म्हणजे दिवसाला पावणेचारशे मिली. डब्यातल्या पाण्याशी जुळतं.

कुणी म्हणेल, आठवड्याला एकदा रेडिएटरचा स्क्रू सैल करून कपभर पाणी सोडलं की झालं. ओळखीच्या दोघांनी हेच सांगितलं. एकाच्या घरी दोन वर्षं असंच चाललंय. मला ते पटत नाही. काटा उतरतो, पण ताजं पाणी येतच राहतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मधले दिवस ऑफिसात गेले, नोंद फक्त पहाटेची: १.६, १.७, १.८, १.९. बुधवारपासून गरम आकडा २.५ च्या वर. आज संध्याकाळी वरच्या खोलीतल्या रेडिएटरमधून पाणी सोडून १.४ वर आणला, म्हणजे उद्याच्या चाचणीला जागा राहील. सोडलेल्या पाण्यातलं थोडं पांढऱ्या कपात काढून कपाटावर ठेवलं. पाटीवरून ओलं फडकं फिरवून पिळावं तसा राखाडी रंग.

३० नोव्हेंबर, शनिवार

मेनचं पाणी आणि चक्रातलं पाणी बॉयलरमध्ये आणखी एकाच ठिकाणी शेजारी येतात, प्लेटमध्ये. प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणजे स्टीलचे पातळ नालीदार पत्रे एकावर एक रचून तांब्यानं झाळलेला ठोकळा. एका फटीतून रेडिएटरचं तापलेलं पाणी, पुढच्या फटीतून नळाचं थंड, मग परत तापलेलं. मध्ये पत्र्याचीच काय ती भिंत. त्या भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी मेनचं जास्त प्रेशर पाण्याला चक्रात ढकलत राहतं, रात्रंदिवस.

तपासायला झाकण उघडावं लागत नाही. बॉयलरखाली थंड पाण्याच्या पाइपावर स्क्रूसारखी खाच असलेला कॉक आहे. काल रात्री दहाला स्क्रू-ड्रायव्हरनं पाव वळसा फिरवला, खाच पाइपाला आडवी, पाणी बंद. हीटिंग बंद. काटा १.४.

आज सकाळी सहाला १.४. दुपारी बाराला १.४. संध्याकाळी सहालाही १.४. वीस तासांत केसभर हलला नाही. अंघोळीचं पाणी आईनं गॅसवर मोठ्या पातेल्यात तापवलं.

संध्याकाळी सहाला कॉक उघडला. रात्री अकराला काटा १.४ च्या रेषेवरून सुटलेला दिसतो, गेजवर एवढं बारीक वाचणं अवघड आहे. सकाळी बघू.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे १.५ च्या खाली अगदी थोडा. मेन उघडं असलं की चढतो, बंद असलं की थांबतो. एकदा झालं तर योगायोग असू शकतो, म्हणून उलटी चाचणी करायची ठरवली.

सिंकखालचा घराचा मुख्य कॉकच बंद केला. बॉयलर बंद केला. वरच्या बाथरूमचा गरम नळ आणि खालचा स्वयंपाकघरातला गरम नळ, दोन्ही उघडले, म्हणजे वरच्या पाइपातलं पाणी खाली उतरून जाईल. पाच-सात मिनिटांत धार संपली. मग अर्धा तास काही केलं नाही.

नळ थांबायला हवा होता. थांबला नाही. बारा सेकंदांना एक थेंब, एका लयीत. घरात मेनचं पाणी नाही, वरचा पाइप रिकामा, तरी गरम नळातून पाणी येतंय. ते येणार रेडिएटरमधूनच, प्लेटच्या त्याच भोकातून, उलट्या दिशेनं.

नळाखाली दुसरा पांढरा कप ठेवला. तासाभरात तळ झाकला गेला, पंधरा मिली असेल. शुक्रवारचा कप कपाटावरून काढून शेजारी ठेवला. दिवा लावून पाहिलं. दोन्हींचा रंग एक. तळाशी तीच बारीक काळी पूड, रेडिएटरच्या लोखंडाची. बोटांना तोच किंचित बुळबुळीतपणा.

आई पाठीमागे येऊन उभी होती. दिवाळीपासून ती सकाळच्या चहाचं पाणी गरम नळाचंच घेते, “लवकर उकळतं, तुझा गॅस वाचतो.” मला एकदम धस्स झालं.

मेन चालू असताना बहुतेक वेळ पाणी चक्राच्या दिशेनंच जातं, नळाच्या दिशेनं नाही. पण काटा तीनवर असताना नळ पूर्ण सोडला की प्लेटमधलं नळाच्या बाजूचं प्रेशर त्याच्या खाली जाऊ शकतं, आणि मग थोडं पाणी उलटं आलं असणार. प्रमाण थेंबांचं. तरी तिच्या कपात ते जायला नको होतं. गरम नळाला कागद चिकटवला, चहा-स्वयंपाकाला फक्त थंड नळ. आईला सगळं सांगितलं. ती कागदाकडे बघून म्हणाली, “तुला कळलं ते बरं झालं. आता चहा थंड पाण्याचा ठेवते, दोन मिनिटं जास्त लागतील.” आणि ठेवला.

३ डिसेंबर, मंगळवार

त्याच माणसाला फोन केला. फोनवर फक्त तीन वाक्यं सांगितली: लूप काढलेला आहे, मेन बंद केलं की चढणं थांबतं, मेन बंद करून गरम नळ उघडला की राखाडी पाणी ठिबकतं. पलीकडे क्षणभर शांतता. “प्लेट आणतो,” म्हणाला. पार्ट आणि मजुरी मिळून २६० पौंड. पुढच्या मंगळवारी येईल.

तोपर्यंत रोज रात्री मी बॉयलरचा खाचवाला कॉक बंद करते आणि सकाळी अंघोळीआधी उघडते. आत येणारं पाणी निम्मं तरी कमी होईल.

७ डिसेंबर, शनिवार

डॅराह वादळ. रात्रभर वारा, बागेतलं कुंपण एका बाजूनं कललं. वीज गेली नाही. काटा १.३५.

१० डिसेंबर, मंगळवार

प्लेट बदलली. मला वाटलं होतं त्यापेक्षा साधं काम होतं, दीड तासाचं, आणि त्यातला निम्मा वेळ पाणी काढण्यात. दोन्ही बाजू रिकाम्या केल्या, खाली टॉवेल अंथरले. प्लेट दोन लांब स्क्रूंनी धरलेली असते. स्क्रू काढून त्यानं ती थोडी हलवली आणि समोरून बाहेर ओढली. घरातल्या जाडजूड शब्दकोशाएवढी, पण हातात घेतल्यावर जडच. मागच्या बाजूला चार भोकं, प्रत्येकावर रबरी कडी. कड्या नव्या घातल्या, नवी प्लेट बसवली.

जुनी मी मागून घेतली. तो हसून म्हणाला, ठेवून काय करणार? मला भोक बघायचं होतं. दिसणार नाही, पत्र्यांच्या आत कुठं तरी आहे, म्हणाला, पण थांबा. बादलीत पाणी घेतलं. नळाच्या बाजूच्या दोन भोकांपैकी एकात ओली चिंधी गच्च कोंबली, दुसऱ्यात फुटपंपाची नळी चिंधीत गुंडाळून दाबून धरली, आणि प्लेट पाण्यात उभी बुडवली, रेडिएटरच्या बाजूची भोकं वर. आतली हवा निघून जाऊ दिली. मग मला म्हणाला, पाय मारा.

मी पंप मारला. काही नाही. परत मारला. वरच्या भोकाच्या काठावर मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगत ज्वारीएवढा झाला, सुटून वर गेला. त्याच्या जागी दुसरा. मी पाय थांबवला तरी आणखी तीन आले. या बाजूनं भरलेली हवा त्या बाजूनं निघत होती, जिथं दोघींचा काही संबंध नसायला हवा.

चक्रात पाणी भरलं, त्याआधी गंजरोधक औषधाची बाटली बाथरूमच्या टॉवेलच्या रेडिएटरमधून ओतली. इतके महिने पातळ झालेलं होतं, हे त्यानं आपणहून सांगितलं. गरम नळ दहा मिनिटं सोडून ठेवले. नवा कप धरला. पाणी स्वच्छ.

थंड १.३. नवं पाणी असल्यामुळे आठवडाभर हवा सुटेल आणि काटा किंचित उतरेल, त्याला घाबरायचं नाही, असं सांगून गेला.

१५ डिसेंबर, रविवार

पहाटेचे आकडे: १.३, १.२५, १.२, १.२, १.२. गरम १.७ रोज.

वरच्या दोन रेडिएटरमधली हवा काढली. स्क्रू सैल केल्यावर आधी हवा, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. लगेच आवळला.

मुख्य कॉक बंद करून उलटी चाचणी पुन्हा घेतली. चार मिनिटांत धार संपली, आणि नंतर एक तास नळ कोरडा. गरम नळावरचा कागद काढला. स्वयंपाकाला पाणी मात्र थंड नळाचंच घ्यायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

४ जानेवारी २०२५, शनिवार

पहाट १.२. सलग अठरावा दिवस.

आईचं विमान दुपारी. निघायच्या आधी ती मागच्या दाराशी व्हिनेगर आणि जुना ब्रश घेऊन बसली होती. विटांवरचा पांढरा ओघळ तिनं पूर्ण घासून काढला, म्हणाली, आता परत पांढरं दिसलं तर नवं आहे हे कळेल. पाइपाखाली दह्याचा डबा मी तसाच ठेवला आहे. कोरडा.

फिलिंग लूपची नळी ड्रॉवरमध्ये, चिठ्ठी बांधून: ‘मेनच्या बाजूचा कॉक गळतो, टोपण काढायच्या आधी मुख्य कॉक बंद कर.’ तो कॉक उन्हाळ्यात बदलून घ्यायचा. टाकीतली हवा नोव्हेंबरच्या सर्व्हिसला मोजायची, काटा शून्यावर आणून. पहाटेचा आकडा आता रोज नको, दर रविवारी.